ड्युटीनंतरचं इंजेक्शन

छावणीच्या फाटकाशी सकाळी एका बाईने नर्स कुंदा ढवळेंना अडवलं.

"सिस्टर, काल माझ्या लेकीला तुम्हीच आत नेलं. कुठंय ती?"

कुंदाताईंना खरंच आठवेना. रोज ड्युटी संपली की कर्मचाऱ्यांना इंजेक्शन मिळे आणि छावणीतला दिवस पुसला जाई.

"मला माहीत नाही, बाई," त्या म्हणाल्या.

आत जाऊन त्यांनी कालची नोंदवही उघडली. मुलीच्या नावापुढे 'मृत' लिहिलं होतं आणि खाली त्यांचीच सही होती. मग त्या कामाला लागल्या.

संध्याकाळी थकून त्या रांगेत उभ्या राहिल्या.

"घ्यायचं ना? सक्ती नाही," डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं.

कुंदाताईंनी बाही वर केली.

"द्या लवकर. बाहेर तिची आई थांबली असेल."