मानेतली शीर

"वाव्हळे! पेशंट आणि सोबत एक बाई. बाकी कुणी नाही," नर्सनं दारातून पुकारलं.

दत्तराव उठलेच होते, ते परत बाकावर बसले. बायकांच्या तपासणीला घरचा पुरुषमाणूस आत चालत नाही, असा या दवाखान्याचा नियम. "समदं नीट विचारून घ्या," ते दोघी लेकींना म्हणाले. "आन् धम्मशीले, डॉक्टरशी हुज्जत घालू नको."

"मी कशाला घालू? मशीनच बोलंल की," धम्मशीला म्हणाली.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावरच होता. आणि का नसावा? पंधरा दिवस झाले, घरात दुसरा विषय नव्हता. देवगाव फाट्याचा कुणी सोयरा येऊन सांगून गेला, की एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, हा मुळी मज्जातंतूंचा आजारच नाही. मानेतल्या शिरा आकसतात, रक्त उतरायचं थांबतं, मेंदूत तुंबतं, म्हणून पाय जातात. दत्तरावांनी कृषी विद्यापीठाच्या शेतावर तीस वर्षं पिकांना पाणी दिलेलं. त्यांना हे ऐकताक्षणी पटलं.

"चारी तुंबली की पाणी मागं फिरतंय. रक्ताचंबी तसंच," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले. "फुगा घालून शीर रुंद केली, की पोरगी धावंल माझी."

आजवर इलाज करणाऱ्या नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर परोपरीनं समजावलं. परदेशात हे करून पाहिलंय, काका. काही पेशंटची शीर खरंच रुंद केली, काहींची नुसती केल्यासारखी दाखवली. दोघांत फरक पडला नाही. दत्तरावांनी हूं हूं केलं आणि फोन ठेवला.

बाप दुष्ट असता तर सोपं होतं. हा बाप दिवसातून चारदा डोळे पुसत होता. मायेशी भांडायचं म्हणजे लय अवघड!

त्यात या दवाखान्याची एक अट होती. शीर रुंद करायची तर दर सहा महिन्यांनी लागणारं औषधाचं सलाइन बंद करायचं. मागल्या साली तेच सलाइन दोन महिने लांबलं, तर डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं. ते दिवस धम्मशीला विसरली नव्हती. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, मग बाप रुसला तरी बेहत्तर, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

परवा जेवताना शेवटी सौदा ठरला.

"सोनोग्राफीचं मशीन खोटं बोलत न्हाई," दत्तराव म्हणाले. "शीर चांगली निघाली तर मी पुन्हा शब्द काढणार न्हाई. पण आकसलेली निघाली, तर सलाइन बंद आन् ऑपरेशन. कबूल?"

"कबूल," धम्मशीला म्हणाली.

"तुमी दोघंच ठरवा समदं!" धाकटी अपेक्षा ताटावर कावली. "मला विचारायची कुणाला गरज हाय का?"

आता कॉरिडॉरच्या वळणावर, बापाच्या नजरेआड, दोघी बहिणी जरा थांबल्या. मग व्हीलचेअर आत गेली. खुर्चीत अपेक्षा, आणि मागं खुर्चीच्या मुठी गच्च धरलेली धम्मशीला.

डॉक्टर तरुण होते, बोलके होते. "किती दिवसांपासून त्रास आहे?"

"सहा वर्षं," धम्मशीला म्हणाली.

"पेशंटला बोलू द्या की."

"आमच्या घरात ताईच बोलती," अपेक्षा म्हणाली.

नर्सनं काखेत हात घालून तिला टेबलावर घेतलं. अपेक्षानं अंग ढिलं सोडून दिलं. धम्मशीला रिकाम्या खुर्चीपाशीच उभी राहिली. डॉक्टरांनी स्टूल दाखवलं, तर म्हणाली, "नको, उभीच बरी."

मानेवर गार मलम लागलं, मशीन फिरायला लागलं. डॉक्टर पडद्याकडं बघत मान हलवत होते.

"ही बघा! डावी शीर. निम्म्याहून जास्त आकसलीय. रक्त मागं फिरतंय."

"नक्की?" धम्मशीलानं विचारलं.

"शंभर टक्के."

"चांगल्या धडधाकट माणसाची नसती का अशी?"

"छे हो! निरोगी माणसाची अशी शीर मी अजून पाहिली नाही. पाय का गेले, ते इथंच दिसतंय."

"मग तसंच लिहून द्या. सहीनिशी."

"शिक्का मारून देतो," डॉक्टर हसले.

धम्मशीलाच्या पायांत थरथर सुरू झाली होती. तिनं दात आवळले. इथवर आल्यावर हरायचं नव्हतं, काही झालं तरी हरायचं नव्हतं!

नर्सनं अपेक्षाला परत खुर्चीत बसवलं आणि दत्तरावांना आत बोलावलं. ते दारातून आले ते थेट टेबलाशी. डॉक्टरांनी कागद पुढं धरला. दत्तराव चष्मा पुसून तो वाचायला लागले.

"तुमचा अंदाज बरोबर निघाला, काका. मुलीच्या आजाराचं मूळ सापडलं. शुक्रवारी शीर मोकळी करू. सलाइन आजपासून बंद."

"म्हणलं नव्हतं मी?" दत्तरावांचा आवाज भरून आला. "ऐक गं, धम्मशीले. मशीन काय म्हणतंय ते ऐक आता."

"ऐकलं, बाबा. शिक्क्यासकट ऐकलं," धम्मशीला म्हणाली.

तेव्हा कुठं दत्तरावांनी कागदावरून मान वर केली.

"डॉक्टर, आज सकाळी मी विद्यापीठाच्या रस्त्यानं पाच किलोमीटर पळून आलेय, पोलीस भरतीची तयारी चाललीय माझी," अपेक्षा म्हणाली, आणि टुणकन उठून तिनं थोरल्या बहिणीला दंडाला धरून तिच्या खुर्चीत बसवलं.