स्वच्छ प्रत

"ही सीडी खराब हाय, ताई." रावजींनी चाचपडत ती टेबलावर ठेवली.

अंधांसाठीच्या त्या बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात ते दर गुरुवारी पिंपळगावहून येत. योगिनी महिनाभर तिथल्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवत होती. एका पुस्तकाची एक सीडी, तिला क्रमांक, कपाटात जागा. त्यातली चौदा पुस्तकं तिच्या आईने वाचलेली, घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून. आईच्या दहाव्याला रावजीही आले होते. सुनेचा हात धरून गोदाघाटावर उभे होते.

"अडकते का काका?"

"अडकत नाय, तेच तर. सोळाव्या प्रकरणात कुकरच्या दोन शिट्ट्या होतात. बाई उठतात, गॅस बंद करतात, पाणी पितात, मग येऊन बसतात. ह्याच्यात बाई उठतच नाय. वाचतच सुटल्यात."

शिट्ट्या योगिनीनेच संगणकावरून कायमच्या कापल्या होत्या. खोकला, भांड्यांचा आवाज, दारावरच्या माणसाला दिलेली ओ, सगळंच. पुस्तकाबाहेरचं काही राहू नये, असं वाचनालयाच्या समितीचं पत्र होतं. आणि आईचं काम नीटनेटकं राहावं म्हणून तिने चौदाही पुस्तकं दोनदोनदा तपासली होती.

"मग जुनी कॅसेटच द्या. मला तीच बरी."

"त्या भंगारात गेल्या, काका. सोमवारी."

"मी बी तेवढ्यात पाणी पिऊन घ्यायचो," रावजी म्हणाले.

योगिनीने सीडी यंत्रात घातली. सोळावं प्रकरण लावलं. आईचा आवाज खोलीत आला, स्वच्छ, सलग. रावजी मान तिरकी करून ऐकत होते. एका वाक्याच्या मध्येच त्यांनी हात वर केला.

"इथं."

तिने यंत्र थांबवलं. खाली शालिमार चौकात रिक्षावाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. जरा वेळाने तिचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं.

"थांबा की," रावजी हळूच म्हणाले. "अजून गॅसपाशीच हायेत."

ती थांबली. रावजींचा हात तसाच वर होता. मग तो सावकाश खाली आला.

"आल्या. लावा आता."