ताप शेवटी येतो

मुलीनं पुढच्या दाराला खांदा लावला. दार नेहमीप्रमाणे अडकलं, आणि ती खूश झाली.

"पहिलं लक्षण, जबडा. भूल दिली, नळी घालायला रुग्णाचं तोंड उघडायला गेलं, तर दात आवळलेले. बाबा, परीक्षा होईपर्यंत या दाराला तेल घालू नका हं."

"आजवर कधी घातलंय?" बाबा म्हणाले.

पुस्तक त्यांनी पोटाशी धरलं होतं. पोटाशी काही दाबून धरलं की हर्नियाला जरा बरं वाटे. सोमवारी त्याचं ऑपरेशन होतं. मुलगी भूलतज्ज्ञ व्हायला शिकत होती, उद्या तिची तोंडी परीक्षा होती, आणि पाठांतर तपासायला घरात बाबांइतका रिकामा माणूस दुसरा नव्हता.

आजाराचं नाव मॅलिग्नंट हायपरथर्मिया. भुलीच्या गॅसनं एखाद्याच्याच अंगातले स्नायू पेटून उठतात, आणि वेळीच ओळखलं नाही तर माणूस टेबलावरच जातो. नावातच ताप असल्यामुळे ती दर वेळी तापापासून सुरुवात करी आणि चुके. शेवटी तिनं अख्खा आजार घरात मांडला. दारापासून आतल्या खोलीपर्यंत, एकेक खूण एकेका जागी.

"पुस्तकात सगळं एकाच पानावर आहे की," बाबा म्हणाले.

"पान विसरायला होतं, बाबा. घर कोण विसरतं?"

ती पुढे, ते मागे. बैठकीतली न उघडणारी खिडकी म्हणजे छातीत साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड. भिंतीवरचं घड्याळ कायम पुढे पळायचं, ती नाडी. पॅसेजमध्ये माळ्याची शिडी उभी होती.

"हातपाय ताठ. या शिडीसारखे. वाकवायला गेलं तरी वाकत नाहीत."

बाबा थांबले.

मोडलेला हात भूल देऊन बसवायला त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईला, नेलं होतं. घरी आणली तेव्हा तिचे हात छातीवर घेता येईनात. काकांनी जोर लावला होता. बाबा तेव्हा एवढेसे होते, टेबलाखाली बसून त्यांनी ते पाहिलं होतं.

"चला ना."

"अगं, ऐक जरा..."

"मध्ये बोलू नका, साखळी तुटते माझी."

बाबांनी पॅसेजच्या टोकाकडे पाहिलं. तिथल्या खोलीत त्यांची आई पडून होती. खोलीचं दार उघडं होतं आणि म्हातारीचे कान अजून शाबूत होते. तिच्यासमोर ताईचं नाव घ्यायचं नाही, हा या घरातला सगळ्यात जुना नियम. ते तिच्या मागे चालू लागले.

मोरी आली. काळ्या चहासारखी लघवी. ताईच्या चादरीवरचा डाग आईनं कुणाला धुऊ दिला नव्हता. मग स्वयंपाकघर. मुलीनं शेगडीवर हात आडवा धरला.

"आणि आत्ता कुठे ताप. ताप शेवटी येतो. अंग नुसतं तापत जातं, तव्यासारखं. म्हणून फ्रिजशेजारी उपाय: भुलीचा गॅस बंद, डॅन्ट्रोलीनचं इंजेक्शन द्यायचं, बर्फ लावायचा. बरोबर ना? पुस्तकात बघा की, बाबा."

बाबांनी पुस्तकात पाहिलं. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. भुलीच्या डॉक्टरांनी परवाच त्यांना विचारलं होतं, घरात कुणाला भुलीचा कधी त्रास? ते नाही म्हणाले होते. त्यात खोटं काही नव्हतं. ताई भुलीनं गेलीच नव्हती. ती दुधानं गेली होती, हे साऱ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द दातांपाशीच अडले.

"आता शेवटची खोली," मुलगी म्हणाली, आणि आजीच्या उंबऱ्यावर जाऊन तिनं डोळे मिटून घेतले. "आजीची खोली. रक्ताचं नातं. हा आजार वंशातून उतरतो. म्हणून भूल देण्याआधी विचारायचंच: तुमच्या घरात कुणी भुलीत दगावलंय का?"

"हो," आजी म्हणाली.

मुलीनं डोळे उघडले.

"तुझी आत्या," आजी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "दात असे आवळलेले, की मुखात पाणीसुद्धा घालता आलं नाही. अंगाला हात लावला तर भाजत होतं. पण डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, पोरीला काही दिलं होतंत का. भुलीआधी उपाशी ठेवा म्हणाले होते, पण मी घोटभर दूध दिलं होतं. तहान तहान करत होती. मी आपलं सांगून टाकलं. मग पुढे कुणी काही विचारलंच नाही."

"दुधानं असं होत नाही, आजी."

मुलीनं वळून बाबांकडे पाहिलं.

"सोमवारचं," बाबा कसेबसे म्हणाले. "मी त्यांना नाही म्हणून सांगितलंय."

"फोन द्या तुमचा. आत्ता."

"थांब," आजी म्हणाली. उठून बसायला तिला वेळ लागला. तिनं पाय खाली सोडले आणि वॉकर ओढून घेतला. "त्याच्यासाठी फोन कर, करायलाच हवा. पण आधी मला पुढच्या दारापाशी ने."

पॅसेज अरुंद होता. म्हातारी वॉकर टेकत पुढे, मागे दोघं, आणि कुणालाच कुणाच्या पुढे जाता येईना. शिडी गेली, घड्याळ गेलं, खिडकी गेली. अडकलेल्या दाराला तळहात लावून आजी उभी राहिली.

"आता इथून सगळं परत म्हण," ती म्हणाली. "सावकाश. आणि यात दूध कुठे येतं, तेवढं मला दाखव."