शुक्रवारची खारी बिस्किटं

“खिडकी उघडी ठेव गं. घराला श्वास घेऊ दे,” असं शेजारच्या गोजरबाईंनी मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. कुंदाने ते हसण्यावारी नेलं. जन्मभर बुवापाड्यात राहिलेल्या म्हातारीला भोपाळ काय कळणार!

कुंदाला कळत होतं. ती बी.ए. होती, रोज पेपर वाचायची. भोपाळच्या वायुकांडाला नुकतंच वर्ष झालं होतं आणि तेच फोटो पुन्हा छापून आले होते. पुण्याहून अंबरनाथला येऊन तिला चार महिने झाले होते. खिडकीतून रसायनांच्या कंपनीची चिमणी दिसायची. वायू सुटला तर काय करायचं, ते तिने एका पुरवणीतून कापून भिंतीला चिकटवलं होतं: दारं-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा.

त्या दुपारी बाहेरून कसलातरी उग्र वास आला. तिची दीड वर्षांची लेक वेणू पाळण्यात शिंकली. कुंदाला तेवढं पुरे होतं. तिने खिडकी लावली, फटींत फडकी कोंबली, दाराखाली ओला टॉवेल दाबला आणि मगच कामाला लागली.

धाकटा भाऊ सुदाम जहाजावर खानसाम्याच्या हाताखाली होता. न्यू ऑर्लीन्स बंदरात खाल्लेल्या एका पदार्थाची कृती त्याने पत्रातून पाठवली होती: मऊसर खारी बिस्किटं आणि त्यांवर कोलंबी-सॉसेजची दाट, झणझणीत ग्रेव्ही. ‘ही तिकडची केजन पद्धत, ताई. मी आलो की करशील?’ आज संध्याकाळी तो येणार होता.

सॉसेज तिने उल्हासनगरच्या कॅम्पातून आणले होते. “बहनजी, ये आपके घर में खाएगा कौन?” सिंधी दुकानदाराने विचारलंच होतं.

तिने मैद्यात लोणी चोळलं, मीठ-मिरपूड घातली, ताकात भिजवून जाड वड्या कापल्या. ओव्हन नव्हता. बादलीची शेगडी कोळशांनी भरली, पातेल्यात वाळू तापवली, आत ताटली, झाकणावर चार निखारे. एकीकडे स्टोव्हवर सॉसेजच्या चकत्या परतल्या, सुटलेल्या तेलात मैदा तांबूस केला, कांदा, ढोबळी मिरची, लसूण, लाल तिखट टाकलं. कृतीतली सेलरीची पालेभाजी कुठून आणायची? कोथिंबिरीचे देठ घातले. शेवटी कोलंबी.

बिस्किटांच्या तिसऱ्या खेपेला तिचं कपाळ ठणकायला लागलं. मळमळलं. तिने पाळण्यात पाहिलं. या वेळी वेणू कधीच झोपायची नाही. गाल छान गुलाबी दिसत होते, पण हाक मारली तरी डोळे उघडेना.

आला. वायू आला.

आता तर वासही येत नव्हता. ती आणखीच घाबरली. उरलेली फडकी भिजवून तिने खिडकीत दाबली.

तेवढ्यात मधल्या भिंतीवर थापा पडल्या. “कुंदे, इस्तू आहे का गं? हुडहुडी भरलीय मला. गुडघे शेकीन जरा.”

म्हातारी पलीकडे एकटी, तापाने पडलेली. तिला कोण सांगणार वायूचं? कुंदाने पातेलं खाली उतरवलं, वेणूला खांद्यावर टाकलं, रसरसलेली शेगडी कडीला धरून उचलली आणि पलीकडे गेली.

गोजरबाईंची खिडकी सताड उघडी होती. तिथे कुंदाचं डोकं जरा हलकं झालं. म्हणजे इथवर अजून पोचला नव्हता. वेळ होता.

“आजी, वायू सुटलाय. मी बंद करते सगळं.”

“अगं, नळापाशी गटार तुंबलंय. सकाळधरनं घाण मारतंय ते.”

“गटार नाही ते!”

“भित्री भागूबाई!” गोजरबाई गोधडीतून हसल्या. “लाव बाई, लाव. तेवढंच तुझ्या जिवाला बरं वाटेल. कडी मात्र नको, मला उठवत नाही.”

कुंदाने शेगडी खाटेजवळ ठेवली, खिडकी लावली, एकही फट सोडली नाही. दार ओढून घेतलं आणि बाहेरून उंबऱ्याशी ओलं पोतं घट्ट दाबलं.

“ताई! वास गल्लीच्या तोंडापर्यंत आलाय. आमचा खानसामा खाईल तर राजीनामाच देईल!” सुदाम बॅग घेऊन हसत आला. मग त्याने वेणूची लोंबणारी मान पाहिली. बॅग तिथेच टाकून तो रिक्षा आणायला पळाला.

कंपनीचं फाटक दिसताच कुंदाने वेणूचं तोंड पदराने झाकलं. “सुदाम, रुमाल धर नाकाला.”

“कशाला वहिनी?” रिक्षावाला म्हणाला. “शुक्रवार हाय. सुट्टीचा वार. सकाळपासनं समदं बंद.”

फाटकाला कुलूप होतं. चिमणीतून धुराची रेघही नव्हती. वाऱ्याने पदर सरकला आणि वेणूने एकदम भोकाड पसरलं. कुंदाही रडू लागली.

उल्हासनगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वेणूचे डोळे पाहिले, नखं पाहिली, छाती तपासली. “वाचली. वेळेवर बाहेर काढलीत. घरात काय चाललं होतं?”

“बिस्किटं करत होते. भावासाठी.”

“कशावर?”

“कोळशाच्या शेगडीवर.”

“आणि खिडक्या?”

“लावल्या होत्या. फटींत फडकी कोंबून.”

“हा वायू कंपनीतून येत नाही, बाई. बंद खोलीत कोळशातून सुटतो. वासही नसतो त्याला.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “शेगडी विझवून आलात ना?”

अहो, तुमच्यातलं कोणी आत्ता बुवापाड्यात असेल तर धावा. नळापासून दुसरी खोली. आधी उंबऱ्याचं ओलं पोतं ओढा आणि मग दार ढकला, आतून कडी नाहीये. गोजरबाईंना हाक मारून बघा.