दार लावून केलेली तयारी

क्लबच्या बुद्धिबळ फायनलला माझ्यासमोर साडूच होता, म्हणजे आमच्या घरातली कुजबुज एका फोनवर त्याच्या घरात. त्याचा गेल्या वर्षीचा जिंकलेला डाव मी मोबाईलवर खेळीगणिक तपासला आणि घोड्याने सुरुवात करायचं ठरवलं. शिकवणीच्या ॲपवर धडे बघत हा अभ्यास आतल्या खोलीत, दार लावून. बाहेर जेवणाच्या टेबलावर मात्र पट मांडून ठेवला, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे.

"हीच ओपनिंग का?" बायकोने टेबल पुसताना विचारलं.

"हीच. पण तुझ्या ताईला सांगू नकोस."

"मला काय कळतंय त्यातलं."

गुन्हेगार असंच म्हणतात.

फायनलला मी घोडा काढला. साडूने तोंडपाठ असल्यासारख्या खेळ्या केल्या आणि बघता बघता मात दिली.

"तुमची मेहुणी बंद दारातूनही बातमी काढते," हात मिळवताना मी म्हणालो.

"तिला कशाला बोलता साडूभाऊ? तुम्ही शिकवणीचं ॲप माझ्याच खात्यावरून बघता. ते मला रोज सकाळी विचारायचं, 'घोड्याचा धडा पुढे चालू करायचा का?'"