एकतीस तारखेनंतर

त्या रस्त्याचा नियम असा, की विषम तारखेला गाड्या दवाखान्याच्या बाजूला आणि सम तारखेला शाळेच्या बाजूला. रात्री बाराच्या आत बाजू बदलली नाही, तर सकाळी काचेवर दंडाची पावती. चष्मेवाल्याला अशा तीन पावत्या मिळाल्या होत्या. "हा नियम काढणाऱ्याकडे गाडीच नसणार," तो म्हणायचा.

एका रात्री तो विसरला. सकाळी धावत खाली गेला, तर गाडी समोरच्या बाजूला, फूटपाथला अगदी लागून उभी. बायकोने हलवली असेल असं त्याला वाटलं.

"मी? मला रिव्हर्स तरी येतो का?" बायको म्हणाली.

किल्ली दारामागच्या खिळ्यावरच होती. सीट मात्र इतकी पुढे ओढलेली, की त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

मग त्याने गाडी हलवणंच सोडलं. आयतं काम होतंय, तर खोलात कशाला शिरा? रोज सकाळी तो सीट मागे घ्यायचा आणि आपल्या चष्म्याच्या दुकानात जायचा.

एकतीस तारखेनंतर एक तारीख आली. दोन्ही विषम, म्हणजे त्या रात्री गाडी हलवायची नव्हतीच. सकाळी त्याने खिडकीतून पाहिलं. गाडी जागच्या जागी होती.

"अहो, जरा इकडे या," मुलीच्या खोलीतून बायको हळूच म्हणाली.

रात्री खिडकीखाली असलेली मुलीची खाट आता समोर होती, भिंतीला अगदी लागून. मुलगी गाढ झोपली होती. पांघरूण चारी बाजूंनी नीट खोचलेलं होतं.