मामाचा मान

“मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!” गुरुजींनी पुकारा केला आणि कुमुदचा चुलतभाऊ नव्या कोटाची बटणं लावत उठला. तो मोठा इंजिनिअर. लेकीच्या लग्नात मामाचा मान कुमुदने त्यालाच दिला होता.

सख्खा भाऊ शेवटच्या रांगेत बसला होता. त्याचं पंक्चरचं दुकान सासरच्या माणसांत सांगायची कुमुदला लाज वाटे. म्हणून अक्षत घेऊन ती त्याच्या घरी गेलीच नाही. मोबाइलवर पत्रिका तेवढी पाठवली. तरी तो आला होता. पुकारा ऐकून नकळत अर्धवट उठला, आणि चुलतभावाला पाहून गुपचूप खाली बसला.

कुमुदने ते पाहिलं. भर मांडवातून ती त्याच्यापाशी गेली.

“दादा, चुकले रे मी. ऊठ, तुझा मान आहे.”

“घरी येऊन एकदा म्हणाली असतीस, कुमे, तर वाजतगाजत आलो असतो.” तो सावकाश उठला. “चल. पोरीसाठी येतोय.”

चुलतभाऊ ओशाळून बाजूला झाला. भाचीचा हात धरून मामा बोहल्यापाशी आला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मंगलाष्टकं संपेपर्यंत कुमुद त्याच्याकडेच बघत होती. त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.